पूर्वेच्या दाराची मोजणी

बुधवारी सकाळी ऑर्लीन व्होंड्राने गावचं वर्तमानपत्र उघडलं, खेळाचं पान काढलं आणि कॉफीचा कप टेबलावर असा आपटला की बाहेरच्या खोलीत लिऑनने टीव्हीचा आवाज कमी केला.

"काय फुटलं?" त्याने विचारलं.

"चारशे बारा!"

"चारशे बारा काय फुटले?"

"काल पोरींच्या सामन्याला चारशे बारा माणसं होती म्हणे. छापलंय इथं. अरे, एकट्या माझ्या दारातून सहाशे चौऱ्याऐंशी माणसं आत गेली! मग उरलेली काय, भिंतीत विरघळली?"

लिऑनने टीव्ही बंदच केला. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात एक गोष्ट त्याला पक्की कळली होती. बायकोने सांगितलेल्या आकड्याशी वाद घालायचा नाही.

ऑर्लीन टॅमरॅक कॉलेजच्या बास्केटबॉलच्या सभागृहात पूर्वेच्या दारावर उभी राहायची. एकोणीस हिवाळे झाले होते. त्याआधी एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. त्या नोकरीत एकदा दुसऱ्या एका ड्रायव्हरच्या बसमध्ये मागच्या बाकावर एक पोर झोपलं आणि तसंच राहिलं. बाहेर शून्याखाली थंडी. पोर वाचलं, पण त्या दिवसापासून ऑर्लीन चढणारी डोकी मोजायची, उतरणारी मोजायची, आणि शेवटी बसमधून मागपर्यंत चालत जाऊन रिकामे बाकसुद्धा मोजायची. निवृत्तीनंतर दारावर उभी राहिली तरी हात थांबेना. मग तिने गुरांच्या सामानाच्या दुकानातून वासरं मोजायचं यंत्र आणलं. मुठीत मावणारं, अंगठ्याने दाबलं की खटकन एक आकडा पुढे जाणारं. कुणी सांगितलं नव्हतं. सवय म्हणून मोजायची, घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरावर आकडा लिहायची, आणि विसरून जायची.

पेपरात छापलेल्या आकड्याकडे तिने इतकी वर्षं लक्षच दिलं नव्हतं. त्या बुधवारी दिलं, कारण आकड्याखालीच दुसरी बातमी होती. कॉलेज दोन्ही संघांचा 'चाहत्यांचा पाठिंबा' मोजतंय. पुरुषांचा आणि मुलींचा. पाठिंबा कमी भरला, तर पुढच्या मोसमापासून मुलींचे सामने मोठ्या सभागृहातून हलवून जुन्या व्यायामशाळेत, बुधवारी दुपारी साडेतीनला. जुन्या व्यायामशाळेत पाचशे माणसं बसतात, तीही गुडघे एकमेकांना टेकवून. आणि बुधवारी दुपारी साडेतीनला आयोवातलं कुठलं कामाचं माणूस मोकळं असतं?

तिने कॅलेंडरं काढली. मागच्या तीन वर्षांची. पेपरातले आकडे कॉलेजच्या संकेतस्थळावरून लिऑनने वाचून दाखवले, तिने शेजारी लिहिले. मुलींचा प्रत्येक आकडा तिच्या एका दारापेक्षाही कमी. पुरुषांचा प्रत्येक आकडा दोन हजारांच्या वर, आणि ज्या संध्याकाळी तिच्या दारातून जेमतेम चारशे माणसं गेली होती त्याही संध्याकाळी दोन हजार तीनशे.

"पश्चिमेच्या दारातून गेली असतील," लिऑन म्हणाला.

"पश्चिमेला वेंडेल असतो. त्याच्याकडे एकोणीसशे माणसं आली असती तर तो तिथंच आडवा झाला असता."

त्याच दुपारी ती कॅल्डिकटच्या कचेरीत गेली. ब्रेंट कॅल्डिकट कॉलेजचा क्रीडाप्रमुख. चाळिशीतला, तीन वर्षांपूर्वी कुठूनसा आलेला. दात पांढरेशुभ्र, आणि समोरच्याचं नाव दर वाक्यात घ्यायची सवय.

"ऑर्लीन! बसा, ऑर्लीन. दारावर सगळं ठीक ना?"

"दार ठीक आहे. पेपरातला आकडा चुकलाय तुमचा."

त्याने ऐकून घेतलं. मान हलवली. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "ऑर्लीन, तो आकडा माझा नाही. यंत्रणेचा आहे. खिडकीवर विकत घेतलेलं आणि दारावर फोनवरून तपासलेलं तिकीट तेवढं आम्ही धरतो."

"मग विद्यार्थी? त्यांना फुकट आहे."

"ते धरत नाही."

"बारा वर्षांखालची पोरं? मेपल कोर्ट वृद्धाश्रमातली म्हातारी माणसं? चर्चचा गट येतो तो?"

"त्यांना पास असतात, ऑर्लीन. पास म्हणजे तिकीट नव्हे."

"आणि पुरुषांच्या सामन्याला?"

"तिथं पद्धत जरा वेगळी आहे. तिथं आम्ही वाटप धरतो. मोसमी पास, प्रायोजकांना दिलेले गठ्ठे..."

"आले नाहीत तरी?"

"त्यांनी बांधिलकी दाखवलेली असते."

"म्हणजे घरी सोफ्यावर झोपलेला माणूस धरायचा," ऑर्लीन म्हणाली, "आणि हिमातून व्हीलचेअर ढकलत आलेली बाई नाही धरायची."

कॅल्डिकट हसला. "तुम्हाला या पोरींचं किती प्रेम आहे ते आम्ही जाणतो. पण पाठिंबा मोजणं हे शास्त्र आहे. तुम्ही दारावर उभ्या राहा, हसतमुखाने लोकांचं स्वागत करा. ते तुमच्याइतकं छान कुणालाच जमत नाही."

एवढा वेळ ती त्याला 'तुम्ही' म्हणत होती. उठताना म्हणाली, "तुझं शास्त्र मी मोजून दाखवते." आणि दार न लावताच बाहेर पडली.

गाडीत बसल्यावर किल्ली दोनदा खाली पडली. राग यायचा तसा नेहमी यायचा तिला, पण तो कढईतल्या तेलासारखा तडतडून खाली बसायचा. हा बसेना.

आठवड्याभराने घरी एक प्रश्नावली आली. पाठिंब्याचं शास्त्र. लिऑनकडे पुरुषांच्या सामन्यांचा मोसमी पास होता म्हणून त्याच्या नावाने आलेली. मुलींच्या सामन्यांना येणाऱ्या शेजारणीला आली नव्हती. चौथा प्रश्न असा होता: 'तुम्ही महिला संघाचे सामने का पाहता? (अ) कुटुंबातील मुलगी संघात आहे. (ब) त्यानंतर पुरुषांचा सामना असतो. (क) मुलांना बाहेर नेण्यासाठी.' चौथा पर्याय नव्हताच.

"खेळ बघायला येतो असं कुठं लिहायचं?" लिऑनने विचारलं.

ऑर्लीनने पेन घेतलं आणि कागदाच्या कडेला असं काही लिहिलं की लिऑन म्हणाला, "हे पाठवू नकोस. पोस्टातली पोरगी आपल्याला ओळखते."

वेंडेल क्रूझ पश्चिमेच्या दारावर असायचा. निवृत्त पोस्टमन, काटक, भांडणाचं नाव काढलं की खोकला येणारा.

"मला यात ओढू नकोस," तो पहिल्यांदा म्हणाला. "मला दारावर उभं राहायला आवडतं. फुकटचं पॉपकॉर्न मिळतं."

"तू काही बोलू नकोस. नुसता अंगठा दाब."

"आणि कुणी विचारलं तर?"

"सांग, संधिवात आहे. डॉक्टरने व्यायाम दिलाय."

तिने त्याला दुसरं यंत्र आणून दिलं आणि नियम सांगितले. दोन्ही संघांचे सामने मोजायचे. एकाच रीतीने. आत येणारं डोकं धरायचं, मग ते तान्हं असो की नव्वदीचं. बँडवाली पोरं धरायची नाहीत, पॉपकॉर्नवाले धरायचे नाहीत, गणवेशातलं कुणीच नाही. सिगारेट ओढून परत आलेला पुन्हा धरायचा नाही. शंका आली तर सोडून द्यायचं.

"मुलींच्या वेळीसुद्धा शंका आली तर सोडायचं?"

"मुलींच्या वेळी आधी सोडायचं."

पाच आठवडे ती दोघं मोजत राहिली. मुलींचे चार सामने, पुरुषांचे चार. मुलींचा पहिला एक हजार एकशे एकतीस, दुसरा एक हजार दोनशे आठ. तिसऱ्या सामन्याच्या दिवशी सकाळपासून हिमवादळ. गावाबाहेरचा रस्ता बंद, मेपल कोर्टाची गाडी निघालीच नाही. दोन्ही दारं मिळून सहाशे एक्केचाळीस.

वेंडेलने यंत्र खिशात टाकलं. "हा धरायला नको. वादळ होतं. हा सोडला तर आपली सरासरी पावणेबाराशेच्या घरात जाते."

ऑर्लीन त्याच्यावर अशी उसळली की झाडू मारणारा माणूस थांबून बघायला लागला. "नको असलेला आकडा सोडायचा असेल तर कॅल्डिकट काय वाईट आहे? त्याच्याकडे निदान चांगला कोट तरी आहे!"

"अगं, पण वादळ..."

"वादळातून सहाशे एक्केचाळीस माणसं आली, वेंडेल. लिही."

त्याने लिहिलं. चार सामन्यांची मिळून मुलींची सरासरी एक हजार बेचाळीस भरली. पुरुषांची नऊशे सत्त्याऐंशी. कॉलेजचे छापील आकडे त्याच आठ सामन्यांचे: मुली चारशेच्या आसपास, पुरुष तेवीसशे.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दुपारी दोन वाजता विश्वस्तांची खुली सभा होती, ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत. कुणालाही तीन मिनिटं बोलता यायचं. ऑर्लीन चर्चला घालायचा निळा कोट घालून गेली. वेंडेल खोकत शेजारी बसला. खोलीत पाऊल टाकलं तर मागच्या दोन रांगा आधीच भरलेल्या. मेपल कोर्टाची गाडी आली होती आणि तिच्यातून अकरा म्हातारी माणसं, वॉकर आणि चाकाच्या खुर्च्यांसकट. त्यांना कुणी सांगितलं ते ऑर्लीनला कधीच कळलं नाही.

तिने आकडे वाचले. सामन्यागणिक, दारागणिक. वेग एकसारखा. दोन मिनिटांत संपवलं.

कॅल्डिकट उभा राहिला. "ऑर्लीनच्या तळमळीबद्दल आदर आहे. पण डोकी म्हणजे पाठिंबा नव्हे. कोण बांधील आहे आणि कोण नुसतं वेळ घालवायला आत शिरलंय, हे दारावर कळत नाही. आमची पद्धत देशभर मान्य..."

"अरे पोरा," मागून आवाज आला. आर्डिस बेलिंग, वय वर्षं एक्क्याण्णव. उभं राहणं तिला शक्य नव्हतं, तिने चाकाची खुर्चीच पुढे लोटली. "माझ्याकडे पास आहे. मी नऊ वर्षांत घरचे दोन सामने चुकवलेत, दोन्ही वेळा इस्पितळात होते. मला धरत नाहीस म्हणजे काय, मी मेले का? मेले असेन तर सांग बाबा, पोरांना फोन करायला हवा."

लोक हसले. कॅल्डिकटही हसला, आणि तिथंच त्याचं चुकलं. ऑर्लीनने ते हसू बघितलं. तिची एक मिनिटाची वेळ उरली होती.

"एकोणीसशे त्र्याहत्तर साली," ती म्हणाली, "मी शाळेच्या संघातून राज्याच्या स्पर्धेत खेळले. सहा मुलींचा जुना खेळ, तीन पुढे, तीन मागे. आमच्या शाळेत सगळ्या मिळून चाळीस मुली होत्या. डेमॉईनचं मोठं सभागृह वरच्या रांगेपर्यंत खच्चून भरलं होतं. आमचं गाव तर त्या दिवशी कुलूप लावून आलं होतं, पेट्रोल पंपवालासुद्धा. मी एकतीस गुण केले. आणि त्याच सप्टेंबरात मी या कॉलेजात नाव घालायला आले, याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. विचारलं, मुलींचा संघ कुठं आहे? तिथला माणूस म्हणाला, संघ नाही, बाळ, कारण बघायला कुणी येत नाही."

तिने आकड्यांच्या कागदाची घडी घातली.

"मी अठरा वर्षांची होते. मला वाटलं, त्यांनी मोजलं असेल. इतका शिकलेला माणूस, टेबलामागे बसलेला, त्याने मोजल्याशिवाय कसं सांगितलं असेल? मी घरी गेले आणि त्यानंतर कधी चेंडूला हात लावला नाही. पन्नास वर्षं मी समजत होते की त्याने मोजलं असेल!" शेवटचं वाक्य ती ओरडली. ओरडायचं ठरवलं नव्हतं. "तुम्ही कुणीच कधी मोजलं नाहीत. आधी आकडा ठरवलात, मग मोजायची रीत शोधलीत."

घंटा वाजली. ती खाली बसली. वेंडेलचा खोकला थांबला होता.

विश्वस्तांची अध्यक्ष हॅल्व्हरसन नावाची जनावरांची डॉक्टरीण होती, मोजकं बोलणारी. तिने कॅल्डिकटला विचारलं, "दोन्ही संघांची माणसं तुम्ही एकाच रीतीने मोजता का? हो की नाही?"

"त्याला थोडी पार्श्वभूमी..."

"हो की नाही?"

"नाही."

दोन आठवड्यांनी निर्णय आला. मुलींचे सामने मोठ्या सभागृहातच राहणार, संध्याकाळीच. दोन्ही संघांना एकच रीत लागू होणार. त्याच पाकिटात दुसरा कागद होता. सभागृहाच्या दोन्ही दारांना आता फोन दाखवला की उघडणारी फाटकं बसत आहेत, त्यामुळे द्वारपालांच्या सेवेची गरज उरलेली नाही. ऑर्लीन आणि वेंडेल यांचे मनःपूर्वक आभार. खाली कॅल्डिकटची सही, लफ्फेदार.

मुलींची प्रशिक्षक शवॉन प्रुइट संध्याकाळी पाचलाच घरी आली. मिसिसिपीची, सहा फूट उंच. कोट न काढताच स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायला लागली. "मिस ऑर्लीन, माझ्या पोरी शनिवारी कोर्टवर उतरणार नाहीत. मी सांगितलंय त्यांना. तुम्हाला दारावर परत घेईपर्यंत नाही."

"बस खाली. राजमा-खिम्याची चिली खा."

"मला भूक नाही."

"दालचिनीचा रोल आहे सोबत."

शवॉन बसली. ऑर्लीनने वाडगं तिच्यापुढे सरकवलं. "पोरी खेळणार. हिमातून येणाऱ्या माणसांना रिकामं कोर्ट दाखवायचं नाही. माझा राग माझा आहे, तो तुझ्या पोरींच्या मोसमातून वसूल करायचा नाही."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाईट?" ऑर्लीन म्हणाली. "त्याच्या गाडीच्या धुराड्यात बटाटा कोंबावासा वाटतोय."

"मी सोललेत काही," लिऑन बाहेरून म्हणाला.

शनिवारी ऑर्लीनने तिकीट काढलं. एकोणीस वर्षांत तिने सामन्याची पहिली दहा मिनिटं कधी पाहिलीच नव्हती; तेव्हा दारावर उशिरा येणाऱ्यांची गर्दी असायची. आता ती लिऑनबरोबर चौथ्या रांगेत बसली होती आणि पहिल्या चेंडूला, उंच उडालेल्या दोन पोरींचे हात एकाच वेळी चेंडूला लागताना बघून तिचा श्वास अडकला. मग तिला आवाज फुटला. पंचाने पहिली चूक पुकारली तेव्हा ती उभी राहून त्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव विचारत होती.

मध्यंतरानंतर ध्वनिवर्धकावरून घोषणा झाली. "आजची उपस्थिती, दोन हजार एकशे चार!"

टाळ्या पडल्या. बाकावरच्या पोरींनी एकमेकींच्या पाठीवर थापा मारल्या. ऑर्लीनने मान वळवली. वरच्या रांगा रिकाम्या. कोपऱ्यातल्या दोन्ही बाजू रिकाम्या. बाराशे, फार तर साडेबाराशे.

तिला उमगलं. एकच रीत लावायची म्हटल्यावर कॅल्डिकटने पुरुषांची खोटी रीत मुलींनाही लावली होती. पास वाटले, गठ्ठे वाटले, सगळे धरले.

"खोटं!" ती उभी राहून ओरडली. "खोटं आहे!"

लिऑनने कोट ओढला. "अगं, आता आपल्याच बाजूने आहे ना?"

"म्हणून काय खरं झालं?"

सामना मुलींनी सात गुणांनी जिंकला. बाहेर पडताना शवॉनने तिला गाठलं. चेहऱ्यावर आनंद होता, पण ऑर्लीनला बघून तो आवरला. "मी ऐकलं तुमचं ओरडणं. मिस ऑर्लीन, एक वेळ सोडून द्या. मला दोन हजार हवेत. त्या आकड्यावर मला चांगल्या पोरी मिळतील, घरोघरी जाऊन मी सांगेन, दोन हजार माणसं येतात. पुरुषांना इतकी वर्षं हे चाललं."

"साडेबाराशे येतात. तसं सांग."

"साडेबाराशेने कुणाचं पोट भरत नाही इथं!"

"शवॉन, ज्या दिवशी तुझी पोरगी वर बघेल आणि तिला आठशे रिकाम्या खुर्च्या दिसतील, त्या दिवशी तिला वाटेल, मला बघायला आले होते ते उठून गेले. त्या खुर्च्यांवर कधी कुणी नव्हतंच, हे तिला कोण सांगणार?"

शवॉन निघून गेली. पुढचे तीन आठवडे तिने फोन केला नाही. चर्चमध्ये भेटली तर मानेनेच ओळख दिली. ते ऑर्लीनला कॅल्डिकटच्या पत्रापेक्षा जास्त लागलं, पण तिने पेपराला लिहायचं ते लिहिलंच. पत्र छोटं होतं. दोन्ही संघांची किती तिकिटं वाटली आणि किती माणसं आली, हे दोन आकडे शेजारीशेजारी छापा. दोन्ही संघांचे. इतकंच.

हॅल्व्हरसनबाईंनी ते कापून पुढच्या सभेला नेलं. नोव्हेंबरपासून पेपरात दोन आकडे यायला लागले. पहिल्या शनिवारी: पुरुष, वाटली दोन हजार तीनशे नव्वद, आली एक हजार पंधरा. मुली, वाटली दोन हजार एकशे दहा, आली एक हजार दोनशे चाळीस. फाटकांच्या यंत्राने मोजलेली. वेंडेलने फोन करून तिला आकडा दोनदा वाचून दाखवला आणि मग मुद्दाम तिसऱ्यांदा.

कॅल्डिकट तोवर गेला होता. मोठ्या कॉलेजात, मोठ्या पदावर. निरोपाच्या बातमीत लिहिलं होतं की पाठिंबा मोजण्याची पारदर्शक पद्धत त्यांनी इथं आणली. ते वाचून ऑर्लीनने पेपराचे असे तुकडे केले की लिऑनला शब्दकोडं सोडवता आलं नाही.

शवॉन डिसेंबरात आली. दारात उभी राहून म्हणाली, "एक पोरगी मिळाली. नेब्रास्काची. बाराशे म्हटल्यावर तिचा बाप विचारत होता, वाटली का आली? मी म्हटलं, आली."

"उंची किती आहे?"

"सहा फूट एक."

"डावा हात?"

"कच्चा आहे."

"मग कसल्या खुशीत फिरतेस? आत ये," ऑर्लीन म्हणाली, "आणि मागच्या शनिवारी शेवटच्या दीड मिनिटात तू टाइमआउट का घेतला नाहीस, ते मला आधी सांग."